दिव्याची काच आणि सोळा पानं

शनिवारी दुपारी चारच्या ठोक्याला बाइंडरमावशी आपल्या खोलीचं दार लोटून घ्यायची. लोटून म्हणजे अगदी लावून नव्हे, बोटभर फट ठेवून. पुढच्या वाचनकक्षात 'दिवेवाली' मंडळी जमायची आणि त्यांच्या कलकलाटाचा आपल्याला भयंकर त्रास होतो, असं ती येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवत असे. एवढा त्रास होत होता तर फट कशाला ठेवली होती, हे तिला विचारायची छाती मात्र कोणाची नव्हती.

वाचनालयाच्या मागच्या खोलीत तिचं राज्य होतं. पुठ्ठे, सुई-दोरा, खळीचं पातेलं, पानं कापायचं जुनं यंत्र आणि उसवलेल्या पुस्तकांची चळत. आधी तिचे वडील इथले बाइंडर, त्यांच्यानंतर ती. तीस-पस्तीस वर्षांत तिच्या हातून एकही पान इकडचं तिकडे झालं नाही, असं ग्रंथपाल पाहुण्यांना कौतुकाने सांगायचे. ते कौतुक चालू असताना मावशी नेमकी काहीतरी शोधायला टेबलाखाली वाकलेली असायची. लोकांना वाटायचं, बाई संकोची आहे.

दिवेवाली मंडळी म्हणजे चार महिन्यांपूर्वी आलेल्या एका ॲनिमेशन सिनेमाची वेडी माणसं. शंभर वर्षांपूर्वीची एक कादंबरी, 'खाऱ्या बेटावरचा दिवा'. तिच्यावर कोणीतरी गाण्यांचा सिनेमा काढला आणि जगभर लोक तो डोक्यावर घेऊन नाचायला लागले. इथल्या मंडळात सगळ्यांत उत्साही होती मावशीची भाची. वय वर्षं वीस. तिचं खरं नाव शाळेच्या दाखल्यावरच राहिलं, कारण बोलायला लागल्यापासून ती थांबलीच नव्हती आणि घरात-दारात सगळे तिला टकळी म्हणत. दुसरे दातांचे डॉक्टर. पेशंटच्या तोंडात यंत्र घालून ते सिनेमातली गाणी गुणगुणायचे, आणि पेशंटला हरकत घ्यायची सोय नसायची. तिसरे निवृत्त गणिताचे सर. सिनेमातल्या दीपगृहाला किती पायऱ्या आहेत हे त्यांनी तीनदा मोजलं होतं. आणि चौथे ग्रंथपाल, जे फक्त शांतता राखली जाते का हे बघायला येऊन बसत आणि सगळ्यांत मोठ्याने बोलत.

मावशीने सिनेमा पाहिला नव्हता. "रंगवलेली माणसं गाणी म्हणतात, त्यात बघायचं काय?" असं म्हणून ती मोकळी व्हायची. टकळीने चार वेळा तिकीट काढायची तयारी दाखवली. चारही वेळा मावशीचं नेमकं डोकं दुखत होतं.

त्या शनिवारी टकळी आली तीच धापा टाकत. तिने पिशवी टेबलावर आदळली आणि मोबाइल उघडला.

"ऐका सगळे. जगभरच्या फॅन लोकांत महिनाभर भांडण पेटलंय. काच सांधणारं गाणं सिनेमावाल्यांनी कुठून आणलं म्हणून."

"कुठून म्हणजे?" सर म्हणाले. "पुस्तकातून. आपण सगळ्यांनी वाचलंय की."

"तेच तर! ते म्हणतात, पुस्तकात असं काही नाहीच."

"मग त्यांनी कुठलं पुस्तक वाचलं?" डॉक्टर हसले.

आता गोष्ट अशी होती. बेटावर एक दीपगृह, तिथे आई आणि मुलगी. वादळात दिव्याच्या मोठ्या काचेला उभा तडा जातो. आई होडी घेऊन नवी काच आणायला निघते आणि मुलगी एकटी दिवा सांभाळत राहते. पुढच्या प्रकरणात तीन वर्षं उलटलेली असतात. काच लख्ख असते, तड्याचा मागमूस नसतो आणि लेखक एवढंच लिहितो, की आई नव्हती. मग मुलीचे एकटीचे दिवस, जहाजं, धुकं. आणि अगदी शेवटच्या प्रकरणात आई गोधडीत काहीतरी गुंडाळून आणते, होडीतून उतरते, जिना चढायला लागते, आणि वरून मुलगी तिची पावलं मोजते. तिथे पुस्तक संपतं. वाचनालयातल्या प्रतीत गावाने हे असंच वाचलं होतं.

मधल्या मधे काच कशी सांधली? इथल्या वाचकांनी त्याचं उत्तर आपापल्या परीने केव्हाच देऊन टाकलं होतं. मुलीच्या मायेने सांधली, लेखकाने मुद्दाम सांगितलं नाही, थोर लेखक असंच करतात, वगैरे. सिनेमात मुलगी काचेवर हात ठेवून गाते आणि तडा मिटत जातो. शेवटी आई नवी काच घेऊन आली, की मुलगी जुनी सांधलेली काच हळूच कापडाखाली लपवते, आईचा एवढा प्रवास फुकट गेला असं तिला वाटू नये म्हणून. या जागी डॉक्टर दर वेळी रुमाल काढायचे.

"त्यांच्या म्हणण्याप्रमाणे," टकळी वाचू लागली, "आई मधेच परत येते. नवी काच आणते, ती बसवतात, म्हणून पुढे काच लख्ख. मग तीन वर्षं उलटतात आणि आई नसते. म्हणजे मेलेली असते. कधी, कशी, लेखकाने सांगितलेलंच नाही. शेवटच्या पानावर मुलगी एकटीच दिवा लावते. संपलं."

सगळे टकळीच्या मोबाइलवर वाकले. शांतता राखायला आलेले ग्रंथपालसुद्धा.

"हे भलतंच क्रूर आहे," डॉक्टर शेवटी म्हणाले.

"आणि चूक आहे," सर म्हणाले. "पटकथा लिहिणारी ती बाई मुलाखतीत काय म्हणाली? 'मी पदरचं काही घातलं नाही, पुस्तकात होतं तेच घेतलं.' म्हणाली ना?"

"सगळ्यांना वाटतं ती खोडसाळपणा करतेय." टकळीने ओढणी खोचली. "पण मी गप्प बसणार नाही. मी आपल्या प्रतीच्या शेवटच्या प्रकरणाचे फोटो काढून टाकलेत. आत्ताच. येता येता."

दाराच्या फटीमागे खळीची कुंचली पातेल्यात पडली. मावशीने ती उचलली नाही.

पुढच्या चार दिवसांत टकळीची जी काही धुलाई झाली, ती सांगण्यासारखी नाही. फोटोतल्या पानांवर पानांचे आकडे कुठायत? आकडे मुद्दाम कापलेत. पानं उचकटून मागे चिकटवलीत. प्रसिद्धीसाठी एवढं जुनं पुस्तक फाडलं! ज्या पेजवर ती रोज लिहायची, तिथल्या जाणत्या मंडळींनी कळवलं, की रविवारपर्यंत पुरावा दे, नाहीतर तू खोटारडी आहेस असं जाहीर करून तुला काढून टाकू. मंगळवारी मावशी बहिणीकडे गेली तेव्हा टकळी भिंतीकडे तोंड करून पडली होती आणि घरात चक्क शांतता होती. वीस वर्षांत त्या घरात अशी शांतता कोणी ऐकली नव्हती.

"सकाळपासून अवाक्षर नाही," बहीण कुजबुजली. "मला भीतीच वाटायला लागलीय."

मावशी पलंगाच्या कडेला टेकली. "खोटं बोलली नाहीस ना? मग कशाला रडतेस?"

"लोक खोटारडी म्हणतात म्हणून नाही गं," टकळी उशीतूनच म्हणाली. "मलाच आता वाटायला लागलंय, की त्यांचंच बरोबर असेल. मावशी, त्या पानांवर आकडे का नाहीत?"

मावशीला उत्तर माहीत होतं. ती भाचीच्या केसांतून हात फिरवत बसली आणि स्वतःची लाज वाटून उठून निघाली. ग्रंथपालांनी दुसऱ्या गावच्या वाचनालयातून त्याच आवृत्तीची प्रत मागवली होती. ती शनिवारी येणार होती.

बुधवारी दुपारी मावशीने कोणाला न सांगता सिनेमाचं तिकीट काढलं. थिएटरात नऊ-दहा माणसं होती. पहिली पंधरा मिनिटं ती हाताची घडी घालून, समोरच्याने काही विकायला आणलंय अशा चेहऱ्याने बघत होती. मग काचेला तडा गेला. मुलीने तड्यावर बोट ठेवलं आणि ती गायला लागली. मावशीची घडी सुटली.

शेवटी आई आली. तिचा चेहरा सिनेमात दिसतच नाही. दिसतात फक्त तिचे ओले पाय आणि जिना. वरून मुलगी मोजत असते, एक, दोन, तीन. बाइंडरमावशी, जी रंगवलेल्या माणसांत काय बघायचं म्हणत होती, ती अंधारात त्या मुलीबरोबर पावलं मोजत होती. तिला ती सगळी पावलं पाठ होती. दिवे लागले तरी ती उठली नाही, तेव्हा झाडूवाल्या बाईने विचारलं, "बरं वाटतंय ना?"

"नाही," मावशी खरं काय ते बोलली.

एकतीस वर्षांपूर्वी ते पुस्तक तिच्या टेबलावर आलं होतं ते भिजून. वरच्या नळातून पाणी ठिबकून त्याची खालची कड कुजली होती. वडील तापाने घरी पडलेले. छापलेला मोठा कागद घडी घालून सोळा पानांचा एक गठ्ठा होतो, त्याला फर्मा म्हणतात. असे चौदा फर्मे एकावर एक शिवले, की ते पुस्तक. वडिलांचा दंडक होता, की आधी फर्मे मोजायचे, क्रम लिहून ठेवायचा आणि मगच यंत्राखाली घालायचे. मावशी तेव्हा वीस वर्षांची होती आणि घाईत होती. तिने शिवण उसवली, कुजलेली कड एका दमात कापून टाकली आणि त्या कडेबरोबर पानांचे आकडे, फर्म्यांच्या खुणा, सगळं कचऱ्याच्या खोक्यात गेलं. वर पुन्हा तिच्याच कोपराचा धक्का लागून गठ्ठे जमिनीवर पसरले.

क्रम लावायला एकच उपाय होता, वाचणे. तिने तीन दिवस बसून पुस्तक वाचलं. बहुतेक फर्मे अर्ध्या वाक्यात संपत होते, त्यामुळे पुढचा कुठला हे लगेच कळत होतं. फक्त एक फर्मा असा होता, की त्यात बरोबर एक अख्खं प्रकरण बसलं होतं. पहिल्या ओळीला सुरू आणि शेवटच्या ओळीला संपलेलं. आई परत येते ते प्रकरण. ते मधेही बसत होतं आणि शेवटीही.

तिने ते शेवटी लावलं. एकतीस वर्षं ती स्वतःला सांगत आली होती, की चुकलं. पोरवय होतं, चुकलं.

शनिवारी चारला मावशीने दार लोटलं नाही. ती वाचनकक्षात येऊन सरळ खुर्चीवर बसली, तेव्हा डॉक्टर चकित झाले आणि सरकून तिला जागा करून दिली. मागवलेली प्रत टेबलावर होती, करड्या कापडाची, खालच्या कडेला सगळे आकडे शाबूत. सरांनी दोन्ही प्रती शेजारी उघडल्या आणि बोट ठेवत पानं लावत गेले. त्यांना फार वेळ लागला नाही.

"सत्त्याण्णव ते एकशे बारा," ते म्हणाले. "त्यांच्याकडे मधे आहे. आपल्याकडे शेवटी." त्यांनी चष्मा काढला. "म्हणजे जगाचं बरोबर आहे आणि आपली प्रत चुकीची आहे."

 टकळीने मोबाइल उचलला आणि ती हळूहळू टाइप करायला लागली.

"काय लिहितेस?" मावशीने विचारलं.

"माफी. माझ्याकडून दिशाभूल झाली म्हणून."

"ठेव तो खाली."

"मावशी, आता काय राहिलंय..."

"ठेव म्हटलं ना!" वाचनकक्षात एवढा आवाज कोणी कधी केला नव्हता. कोपऱ्यात वर्तमानपत्र वाचणारे दोन गृहस्थ दचकून बघायला लागले. मावशीने दोन्ही हात मांडीवर दाबून धरले. "पानं तिने फाडली नाहीत. मी लावलीत तशी. आकडे मी कापले. एकतीस वर्षांपूर्वी. ग्रंथपाल, तुम्ही माझं जे कौतुक करता ना, ते यापुढे करत जाऊ नका."

ग्रंथपालांचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता. मावशीने सगळं सांगितलं. नळ, कुजलेली कड, कापणं, कोपर. सांगताना ती सरांकडेच बघत होती, कारण डॉक्टरांकडे पाहिलं तर ते आधीच रुमाल शोधत होते.

सर हिशेबाचे पक्के. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि नेमका प्रश्न विचारला. "पण काचेचं लक्षात नाही आलं? नवी काच शेवटी येते आणि मधे तडा गायब. तीन दिवस बसून वाचलंत म्हणता. तुमच्यासारख्या बाईच्या नजरेतून हे सुटेल?"

एवढ्या वर्षांत हे तिला कोणी विचारलं नव्हतं. तिने स्वतःलाही विचारलं नव्हतं, किंवा विचारून झटकून टाकलं होतं.

"नाही सुटलं," ती म्हणाली. "दुसऱ्याच दिवशी कळलं. ते मधलंच आहे हे मला पक्कं माहीत होतं."

"मग?"

"मग काय, सर. आमची आई जाऊन सहा महिने झाले होते. दवाखान्यात चालत गेली होती, परत येते म्हणून. ते प्रकरण मधे घातलं, की पुढचं पान उलटल्यावर आई नसते, आणि का नसते हे कोणी सांगतही नाही. शेवटी ठेवलं, की ती जिना चढत असते." मावशीने जुनी प्रत जवळ ओढली. "मला ते मधे ठेववेना. चूक नव्हती ती. मी मुद्दाम केलं."

टकळी उठून मावशीच्या खुर्चीमागे जाऊन उभी राहिली आणि तिने मावशीच्या गळ्यात हात टाकले. 

आधी सावरले ते सर. "पण मग सिनेमात हे कसं आलं?" ते म्हणाले, आणि सगळे एकमेकांकडे बघायला लागले. खरंच, कसं आलं? जगात ज्या एकाच प्रतीत ते प्रकरण शेवटी होतं, ती प्रत या टेबलावर होती.

"ती पटकथावाली," टकळी एकदम म्हणाली, "तिच्या वडिलांच्या बदल्या व्हायच्या! मुलाखतीत आहे. लहानपणी दीड-दोन वर्षांत गाव बदलायचं. आणि एका गावात तिने एकच पुस्तक सात वेळा आणलं होतं."

ग्रंथपाल धावले. खरोखर धावले, स्वतःच लावलेल्या 'धावू नये' या पाटीखालून. जुन्या सभासदांचे कागद माळ्यावर होते आणि पुस्तकांची जुनी कार्डं तळघरात. अर्ध्या तासाने ते धुळीने माखून, विजयी वीरासारखे परतले. पुस्तकाच्या कार्डावर एकाच बालसभासदाचा क्रमांक सात वेळा लागोपाठ होता, सात शिक्के, पंधरा-पंधरा दिवसांच्या अंतराने. रजिस्टरात त्या क्रमांकापुढे एक नाव होतं. सिनेमाच्या शेवटी पडद्यावर मोठ्या अक्षरांत येतं, तेच नाव. पुढे लिहिलं होतं: वय दहा.

"आईगं," टकळी म्हणाली, आणि मग तिची टकळी जी सुरू झाली ती सात वाजेपर्यंत थांबली नाही. डॉक्टर नाक शिंकरत होते. मावशी त्या सात शिक्क्यांकडे बघत राहिली. कुठल्या तरी दहा वर्षांच्या मुलीने तिच्या हातून लागलेलं शेवटचं पान वाचायला सात चकरा मारल्या होत्या, आणि ती तेव्हा दहा हातांवर, दाराच्या आत, खळ ढवळत बसली असेल.

टकळीने माफीचा मजकूर पुसला आणि मावशीच्या परवानगीने जे घडलं ते लिहिलं. कार्डाचा फोटो, दोन्ही प्रतींचे फोटो. रविवारी सकाळपर्यंत तिला खोटारडी म्हणणारे तिची माफी मागत होते, आणि अर्थातच नव्याने भांडत होते, की आता कुठला शेवट खरा मानायचा.

मावशीपुरता तो प्रश्न मिटला होता. "सोमवारी उसवते आणि जागेवर लावते," तिने सांगितलं.

"अहो, राहू द्या," ग्रंथपाल म्हणाले. "पहिल्या पानावर एक चिठ्ठी लावू, की या प्रतीत एक प्रकरण शेवटी बांधलं आहे. आता ही प्रत..."

"लेखकाने लिहिलंय तसं वाचायचा लोकांना हक्क आहे. माझं दुःख मी त्यांच्या गळ्यात मारलं. बाबा असते तर त्यांनी मला खोलीत पाऊल ठेवू दिलं नसतं."

यावर कोणी वाद घातला नाही. वडिलांचं नाव निघालं, की मावशीशी वाद घालण्यात अर्थ नसतो हे टकळीला अनुभवाने ठाऊक होतं. सोमवारी सकाळी मात्र ती कॉलेज बुडवून मागच्या खोलीत हजर झाली आणि स्टुलावर बसली.

"आजोबांना कळलं नव्हतं?" तिने विचारलं.

"कसं कळणार? तापाने फणफणले होते." मावशी पुस्तक उलटं ठेवून सुरी पुसत होती. "आमच्याकडे पद्धत होती. एकाने बांधायचं, दुसऱ्याने तपासायचं. तपासून झालं, की मागच्या पुठ्ठ्यावर आतून पेन्सिलीने लिहायचं, 'क्रम तपासला', आणि त्यावर शेवटचा कागद चिकटवायचा. कोणाला दिसत नाही ते."

"मग लिहायचं कशाला?"

"पुढे कधी तरी जो बाइंडर ते उसवेल, त्याला दिसतं. हे पुस्तक मी त्यांच्या उशाशी नेऊन ठेवलं होतं, कागद न चिकटवता. तिसऱ्या दिवशी बघते तर चिकटवलेला. मला म्हणाले, ने. एवढंच. या प्रतीला आकडे नव्हते, अख्खं वाचल्याशिवाय काय तपासणार? आणि बाबा गोष्टीची पुस्तकं बांधायचे, वाचायचे नाहीत. न बघताच चिकटवलं असणार. डोळे तर एवढे लाल झाले होते तापाने."

तिने ओल्या फडक्याने कागदाची कड भिजवली, थांबली, आणि सुरीचं टोक आत सरकवलं. जुनी खळ सुटत गेली. कागद अखंड निघाला, कारण मावशीचा हात कागद फाडणाऱ्यांतला नव्हता.

पुठ्ठ्यावर पेन्सिलीची अक्षरं होती. बारीक, उजवीकडे झुकलेली, बाबांची.

मावशी वाचत राहिली. एवढ्या तीन ओळींना लागायला नको इतका वेळ ती वाचत राहिली.

"काय लिहिलंय?" टकळी स्टुलावरून उतरली.

मावशीला वाचून दाखवता येईना. तिने पुठ्ठा भाचीकडे वळवला.

"'क्रम तपासला,'" टकळीने वाचलं. "'एक फर्मा जागेवर नाही. राहू दे.'" खाली तारीख होती.

 मावशी रडली. चांगली हुंदके देऊन रडली, भाचीसमोर, पदर तोंडाला न लावता. सहा महिन्यांपूर्वी बायको गेलेला तो माणूस तापात तीन दिवस उशाशी पुस्तक घेऊन वाचत होता, शेवटच्या पानापर्यंत, आणि ते डोळे तापाने लाल नव्हते, हे तिला आज कळत होतं. बाप-लेक पुढे एकवीस वर्षं या एकाच टेबलावर समोरासमोर बसले आणि दोघांतलं कोणी एक शब्द बोललं नाही.

बऱ्याच वेळाने तिने डोळे पुसले, कानामागची पेन्सिल काढली आणि वडिलांच्या अक्षरांखाली लिहिलं, 'पाहिलं.' शेजारी आजची तारीख घातली.

"ग्रंथपालांना सांग, ती चिठ्ठी लिहून द्या म्हणावं, पहिल्या पानावर लावते," ती टकळीला म्हणाली. "आणि खळीत थोडं पाणी घाल, घट्ट झालीय. कागद परत चिकटवायचाय."